मीठ, आयोडीन आणि आपला आहार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी एका डॉक्टराने मिठावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्याच घरांतील भगिनी मला वारंवार विचारतात, ‘थायरॉईड निघाला, आता आयोडीनचे मीठ सोडून सैंधव सुरू करू का?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, आपले संप्रेरक आयोडीनवाचून बनवू शकत नाही. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयुष्यभराची बेरीज केली तरी चमचाभरच. पण ते नित्य मिळाले पाहिजे. समुद्री मासळीत ते विपुल असते, धान्य-भाज्यांत मात्र जमिनीत असेल तेवढेच उतरते. आपला भंडारा जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर. वैनगंगेतील आणि मालगुजारी तलावांतील मासळी खाणाऱ्या शेजाऱ्यांनाही गोड्या पाण्यातून समुद्राइतके आयोडीन मिळत नाही; मग शुद्ध शाकाहारी कुटुंबाचा आधार दूध आणि मीठ एवढाच उरतो.

मिठाचे हे सामर्थ्य हिमाचलातील कांगडा खोऱ्यात सिद्ध झाले. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडाने ग्रासलेल्या त्या खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड निम्म्यावर आला, तिसऱ्यात होता तसाच राहिला. पुढे त्यालाही आयोडीनयुक्त मीठ मिळाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी २००० साली उठली होती, ती मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. घरी पोचेपर्यंत मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे असा दंडक आहे. म्हणजे दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम.

मग आयोडीन जितके अधिक तितके बरे का? तसेही नाही. डेन्मार्कच्या जटलंड भागात आयोडीन कमी, आइसलँडमध्ये भरपूर. दोन्हीकडच्या वृद्धांचा तुलनात्मक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जटलंडमध्ये गलगंड आणि ग्रंथीचा अतिरेकी स्राव अधिक आढळला, तर आइसलँडमध्ये ग्रंथी मंदावल्याची चिन्हे सुमारे १८ टक्के वृद्धांत दिसली. जटलंडमध्ये ती ४ टक्क्यांच्या आसपासच होती. समाजाच्या ताटातले आयोडीन बदलले की थायरॉईडचा विकार नाहीसा होत नाही, त्याचे रूप बदलते. परंतु अभावाने गर्भातील बालकाची जी बौद्धिक हानी होते ती पुढे भरून निघत नाही. मंदावलेल्या ग्रंथीला मात्र गोळी आहे.

भारतातील आठ शहरांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची ग्रंथी मंद आढळली, आणि पाचांतील एकाहून अधिकांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणारी प्रतिद्रव्ये होती. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचल्यानंतर दिसणारा मंदपणा बहुधा या प्रकारचा असतो. तो मीठ बदलल्याने जात नाही आणि अधिक मीठ खाल्ल्यानेही नाही.

आता आपल्या चौक्याकडे येतो. आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप वर्ज्य. अनेक घरांत मीठही सैंधव. नऊ दिवसांच्या तपाने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, कारण ग्रंथीत काही आठवड्यांचा साठा असतो. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘शुद्ध’ म्हणून सैंधव बारा महिने वापरायचे, किंवा अचित्त करण्यासाठी मीठ दीर्घकाळ तापवून आयोडीन घटवायचे, आणि त्याच घरात नवी सून गर्भवती असायची! तिची गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढलेली असते. सासूबाईंनी मनावर घेतले तर स्वयंपाकघरात दोन बरण्या सहज राहू शकतात: तपाच्या दिवसांची एक, आणि रोजची, आयोडीनयुक्त मिठाची, घट्ट झाकणाची. आमटीत मीठ शेवटी घालावे. तापवणे हा नेमच असेल, तर गर्भवतीने आयोडीन कशातून घ्यावे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

ज्यांना थायरॉक्सिनची गोळी चालू आहे त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास काही खाऊ नये. नवकारशी पाळणाऱ्यांनी ती नवकारशी पाळताच घ्यावी, नाश्ता थोडा पुढे ढकलावा. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. एका उपवासात गोळी चुकली तर घाबरू नये, औषध शरीरात कित्येक दिवस टिकते. परंतु अठ्ठाई किंवा मासक्षमणाचा संकल्प करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य भेटावे.