उड्डाणानंतरचा हिशेब



4 डिसेंबर 2023 रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. तुमच्यापैकी अनेक कणकवलीकरांनी त्या दिवशी मिग-29के विमाने डोक्यावरून जाताना पाहिली असतील. तसल्या विमानात बसणारा माणूस कसा असतो, त्याबद्दल आज बोलायचे आहे. सिनेमाने आपल्याला त्याचे एक चित्र दाखवले आहे: काळा चष्मा, मोटारसायकल आणि बेफिकिरी. ते चित्र खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लढाऊ विमान जोरात वळते तेव्हा वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या सहा-सात पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाचे वजन पाच क्विंटलांच्या घरात जाते म्हणा ना! रक्त पायांकडे ओढले जाते, आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, मग शुद्ध हरपते. म्हणून पोट आणि पाय आवळून धरणारा जी-सूट घालायचा, स्नायू ताठ करून ठरावीक पद्धतीने श्वास घ्यायचा आणि त्याच क्षणी शत्रूवर, इंधनावर, सोबत्यावर लक्ष ठेवायचे. बेफिकीर माणूस इथे फार दिवस टिकत नाही.

या मंडळींची एक रीत मला सगळ्यांत मोलाची वाटते. उड्डाणाआधी वैमानिक जमिनीवरच्या तंत्रज्ञांच्या नोंदवहीत सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. उतरल्यावर डिब्रीफिंग होते. कोणाचे वळण उशिरा झाले, कोणाची नजर चुकली, हे तिथे हुद्दा बाजूला ठेवून बोलले जाते. वरिष्ठाची चूकही तिथे दाखवली जाते. जे घडले ते जसेच्या तसे सांगायचे, कारण लपवलेली चूक पुढच्या खेपेला दुसऱ्याचा जीव घेते.

वैमानिक दिलीप परुळकर हे नाव तुम्हांला ठाऊक असायला हवे. आपल्या परुळे गावाची आठवण करून देणारे हे आडनाव. 1965च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, उजवा खांदा जखमी झाला. नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याने विमान सोडून उडी घ्यायला सुचवले, तरी त्यांनी ते तळावर परत आणले. त्याबद्दल वायुसेना पदक मिळाले. 1971च्या डिसेंबरात त्यांचे सुखोई-7 पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले.

तिथे त्यांनी सुटकेचा बेत आखला, आणि तो वैमानिकाच्या शिस्तीने आखला. जी-सूटच्या रबरी पिशव्या पाणी साठवायला घेतल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवले. कोठडीची भिंत हळूहळू पोखरली. ऑगस्ट 1972मध्ये एका पावसाळी रात्री परुळकर आणि त्यांचे सहकैदी मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून जमरूद, पुढे लंडी कोतल. अफगाण सीमा चार-पाच मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खानाची चौकशी केली. जुन्या नकाशात ते रेल्वेस्थानक होते, पण इंग्रजांनी ते 1932मध्येच बंद केले होते. जे ठिकाण चाळीस वर्षे कोणी विचारले नव्हते, त्याची वाट विचारणारे तिघे परके संशयास्पद ठरले आणि पकडले गेले. तेव्हा परुळकरांनी उस्मान हमीद यांच्याशी संपर्क साधायला लावला. हे पूर्वी छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागले होते. त्यांच्यामुळे तिघांवरचे मोठे संकट टळले. शत्रूच्या वायुदलातील अधिकाऱ्यावर इतका विश्वास ठेवता येणे हाही वैमानिकांच्या संस्कृतीचाच भाग आहे. 1 डिसेंबर 1972 रोजी तिघे इतर कैद्यांबरोबर वाघा सीमेवरून परतले. परुळकरांचे निधन ऑगस्ट 2025मध्ये पुण्यात झाले.

आता दुसरा मराठी वैमानिक, तोही सुखोई-7चा. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबर 1971 रोजी शोरकोटवरच्या हल्ल्यात गेले आणि परतलेच नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. विजय जिवंत पकडले गेले असावेत, असे सुचवणारी बातमी पाकिस्तानी वर्तमानपत्रात आली होती. आपल्या सरकारच्या यादीत असे 54 बेपत्ता सैनिक आहेत. आपल्याकडे असे कोणी कैदी नाहीत, असे पाकिस्तान सांगत आले. 2007 साली नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊन आले, हाती काही लागले नाही. दमयंतीबाईंनी पुन्हा लग्न केले नाही, शोध सोडला नाही.

प्रत्येक उड्डाणाचा हिशेब देणाऱ्या माणसाचा हिशेब त्याच्या देशाला पन्नास वर्षांहून अधिक काळ मिळू नये, याची मला चीड येते. जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या प्रत्येक सैनिकाची नावानिशी माहिती द्यावी लागते. तुमच्या घराण्यांतून कितीतरी मुले सैन्यदलांत गेली आहेत. तेव्हा खासदार, आमदार मते मागायला येतील त्या वेळी त्यांना या 54 जणांबद्दल विचारा, आणि उत्तर लेखी मागा.