ऐकून घेण्याचे शिक्षण



मनोविकार विभागातील आमच्या तरुण समाजसेविकेने पुढील शिक्षणासाठी दोन वर्षांची रजा मागितली, तेव्हा आम्ही ती नाकारली. रुग्णांशी बोलण्यास आणखी पदवी कशाला, असा आमचा वाणिज्य पदवीधराचा हिशेब!

तिने एक प्रसंग सांगितला. सवलतीत औषधे देऊनही एक रुग्ण तिसऱ्यांदा दाखल झाली होती. ही घरी गेली, तेव्हा कळले की शेजाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून सासूबाईंनीच गोळ्या लपवल्या होत्या. त्या माउलीशी पुढे काय बोलावे, हे मात्र हिला सुचेना. आमच्या खतावणीत ही नोंद कोठून येणार?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोविकार समाजकार्यकर्त्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णकार्यासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. अशी पात्रता घातलेली आहे. मुंबईत समाजकार्याचे शिक्षण १९३६ पासून, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या स्थापनेपासून, मिळते. आम्हांसच त्याची जाण उशिरा आली.

रजा आता मंजूर केली आहे. तिच्या विद्यावेतनाची तरतूद अंदाजपत्रकात नाही. तो विषय आज आपणांपुढे ठेवीत आहोत.