उसन्या आगकाड्या

शेजाऱ्याकडून आगकाड्या उसन्या आणावयास निघालेला एक शेतकरी वाटेंत भेटलेल्या मित्रासाठीं सोयरीक जुळवूं लागतो. पुढें दोघे मिळून शहरांत जातात, कित्येक वर्षें पाळलेला दारू न पिण्याचा नेम मोडतात. आणि इकडे गांवांत ते अमेरिकेस गेल्याची आवई उठते! येवढ्याशा सूत्रावर रचलेली ही फिनिश कादंबरी १९१० सालीं निघाली. मुखपृष्ठावर नांव होतें माइयु लासिला. नांव स्त्रीचें, लेखक मात्र पुरुष, आणि तोहि एके काळचा प्राथमिक शाळेंतील शिक्षक.

त्याचें खरें नांव आल्गोत उंतोला. जन्म १८६८ सालचा, पूर्व फिनलंडांतील तोह्मायार्वी येथील. त्या वेळीं तो देश रशियाच्या झारच्या अंमलाखालीं होता. शिक्षकी सोडून उंतोलानें सेंट पीटर्सबर्गला व्यापारहि केला. १९०९ मध्यें इर्मारी रान्तामाला या नांवानें त्याची 'हार्हामा' ही प्रचंड, गंभीर कादंबरी बाहेर पडली, पण तिचें चीज झालें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं तोच हात इतका हलका कसा झाला, याचें नवल श्रोत्यांना वाटेल. खेड्यांतील माणसांची आडवळणी बोली, त्यांची आतिथ्याची कॉफी, कामाचा विषय सोडून चाललेल्या त्यांच्या लांबलचक गप्पा, हें सारें त्याच्या अंगांत मुरलेलें होतें. विद्वत्तेचा अंगरखा उतरतांच तें बाहेर आलें, असें म्हणावें लागतें. जे. आय. वातानेन हें त्याचें आणखी एक टोपणनांव. आगकाड्यांच्या कथेंतील मित्राचेंहि आडनांव वातानेनच!

पण हा लपणारा माणूस ऐन वेळीं लपला नाहीं. १९१८ च्या यादवी युद्धांत तो हेलसिंकीच्या 'त्यमिएस' या मजूरपक्षीय वृत्तपत्रांत होता. जर्मन सैन्य शहराजवळ येतांच इतर संपादक निघून गेले. त्यानें एकट्यानें १२ एप्रिलचा अखेरचा अंक काढला. त्यास अटक झाली, आणि २१ मे रोजीं सांताहामिना बेटाकडे बोटीनें नेत असतां वाटेंतच त्याचा अंत झाला. तेव्हां तो पन्नाशीच्या आंत होता.

त्याच्या आगकाड्या मात्र पुढें रशियन भाषेंत गेल्या. तें भाषांतर १९४९ सालीं निघालें. भाषांतरकार होता विनोदी लेखक मिखाईल झोश्चेन्को; त्याला तीनच वर्षांपूर्वीं लेखकसंघांतून काढून टाकलें होतें.