उत्तरेच्या अरण्यातील सुतार मुंगळा

गुळाची ढेप उघडी राहिली की तिच्याभोवती गोळा होणारा काळा मुंगळा श्रोत्यांच्या परिचयाचा आहेच. प्राणिशास्त्रज्ञ त्याची गणना कॅम्पोनोटस या प्रजातीत करतात. हा मुंगळा झाडाच्या बुंध्याशी जमिनीत बीळ करून राहतो. त्याचा एक भाऊबंद मात्र फार दूर, नॉर्वे-स्वीडनपासून सैबेरियापर्यंत आणि पलीकडे अलास्का व कॅनडा येथील सूचिपर्णी अरण्यांत आढळतो. तो आपले नगर उभ्या वृक्षाच्या पोटात वसवतो. १७५८ साली लिनीअसने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ग्रीक पुराणातील महाबली हर्क्युलिसचे नाव त्याला दिले. लाकडावरील त्याच्या कामामुळे तो सुतार मुंगळा म्हणून ओळखला जातो.

हा प्राणी लाकूड खातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. वाळवी लाकूड पचवू शकते. सुतार मुंगळ्यास ते पचत नाही. तो लाकूड केवळ कोरतो आणि कोरलेला भुसा घराबाहेर टाकून देतो. स्प्रूस वृक्षाच्या बुंध्याशी अशा भुशाचा ढीग दिसला, म्हणजे आत वस्ती आहे असे वनरक्षक ओळखतात. जेथे जखमेतून बुरशी शिरून लाकूड मऊ झालेले असते, तेथून सामान्यतः या कामास आरंभ होतो. पुढे हे कामकरी निरोगी गाभ्यातही शिरतात. वृक्षाच्या प्रत्येक वार्षिक वलयात वसंत ऋतूत वाढलेला थर मऊ, तर हंगामाच्या अखेरीचा थर कठीण असतो. मुंगळे मऊ थर तेवढा काढून टाकतात व कठीण थर भिंतीसारखा उभा ठेवतात. त्यामुळे एकात एक बसविलेल्या पोकळ नळकांड्यांसारखी दालने तयार होतात आणि ती खोडात कित्येक मीटर उंच चढत जातात. बाहेरचे जिवंत लाकूड शाबूत राहिल्याने वृक्ष वर्षानुवर्षे हिरवागार दिसतो.

मग त्यांचे अन्न कोणते? झाडावरील माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस आणि लहानमोठे कीटक, हे ते अन्न होय. गोड रसात साखर विपुल, परंतु शरीर बांधणारी द्रव्ये थोडी. ही उणीव भरून काढण्याची सोय त्यांच्या पोटातच आहे. आतड्याच्या भित्तिकेतील विशिष्ट पेशींत सूक्ष्म जंतू राहतात व मुंगळ्यांना आवश्यक अमिनो आम्ले तयार करून देतात. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉखमान याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे जंतू प्रथम पाहिले, म्हणून त्यांस त्याचेच नाव मिळाले आहे. राणीच्या अंड्यांतून ते एका पिढीकडून दुसरीकडे जातात. जणू घराण्याची ठेवच!

नव्या वसाहतीची स्थापना एकटी राणी करते. मीलनानंतर ती पंख गाळून टाकते, साल वा कुजक्या लाकडाखाली एका लहानशा कोठडीत स्वतःस कोंडून घेते आणि अंडी घालते. ती अन्नासाठी बाहेर पडत नाही. निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू व अंगातील चरबी विरघळवून तीवरच ती पहिल्या अळ्यांचे पोषण करते. अशा उपासातून वाढलेले पहिले कामकरी आकाराने खुजे असतात. पण तेच पुढे घराचा भार उचलतात. पंख असलेले नर व माद्या वसाहत पुरेशी मोठी झाल्यावरच, काही वर्षांनी निपजतात. उन्हाळ्याच्या अखेरीस ते तयार होतात, परंतु लगेच उडत नाहीत. सबंध हिवाळा घरातच काढून पुढील उन्हाळ्याच्या आरंभी ते बाहेर पडतात. होल्डोब्लर आणि माश्विट्झ यांनी १९६५ साली दाखवून दिले की, नर उडताना जबड्याजवळील ग्रंथींतून गंधद्रव्य सोडतात व त्या गंधाची सूचना मिळताच माद्या आकाशात झेपावतात.

या अरण्यांत हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही पलीकडे जातो. मुंगळे लाकडाच्या दालनांत एकमेकांस बिलगून निश्चल पडून राहतात. नेमक्या याच वेळी त्यांचा मोठा शत्रू दाराशी येतो. युरोप-आशियातील काळा सुतारपक्षी बर्फातून वर आलेला बुंधा चोचीने फोडून त्यांना बाहेर काढतो. इतर कीटक दिसेनासे झालेले असतात. त्यामुळे या पक्ष्याचा हिवाळा बव्हंशी सुतार मुंगळ्यांवरच निभावतो. उन्हाळ्यात अस्वलेही कुजके ओंडके उलथून त्यांची वस्ती लुटतात. पुढे या सुतारपक्ष्याने घरट्यासाठी कोरलेल्या व नंतर सोडून दिलेल्या ढोल्यांत घुबडे व रानपारवे संसार थाटतात.

लाकडाच्या व्यापाऱ्यास सुतार मुंगळा नकोसा वाटतो, हे साहजिक आहे. तो बुंध्याचा तळचा भाग पोखरतो आणि मोल असते ते त्याच भागाला. पोखरलेला वृक्ष वादळात मोडूनही पडतो. परंतु किडलेला म्हणून असा प्रत्येक वृक्ष तोडून नेला आणि जुने बुंधे उपटून रान साफसूफ केले, तर मुंगळ्यांबरोबर सुतारपक्ष्याचे हिवाळ्यातील कोठारही नाहीसे होते आणि त्याच्या ढोल्यांवर अवलंबून असलेले जीव निराधार होतात. म्हणूनच स्वीडन, फिनलंड यांसारख्या देशांत तोडीच्या वेळी काही जुनी, वठलेली व पोकळ झाडे मुद्दाम उभी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. व्यापाऱ्याच्या वहीत अशा झाडाची किंमत शून्य असेल. अरण्याच्या संसारात मात्र ते भरलेले घर असते.