पुण्याजवळील एका कारागिराचे ऋण



नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, असे आपली भाषा मानते. एके काळी ही शिक्षा खरोखरच दिली जात असे. अशाच एका दुर्दैवी माणसाची हकीकत आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

कावसजी हा इंग्रज फौजेत बैल हाकणारा मराठा शेतकरी. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले.

प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले. तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ ओढली व तेवढी कातडी सोडविली. दोन डोळ्यांमधील चिंचोळी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली. कातडी फिरवून नाकाच्या जागी बसविली आणि काताचा लेप दिलेल्या कापडी पट्ट्यांनी सांधली. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली.

आम्हां कापड व्यापाऱ्यांना मापाचे महत्त्व ठाऊक असते. परंतु येथील मर्म त्या पट्टीत आहे. ठाणातून फाडलेले कापड ठाणाविना टिकते, कातडीला मात्र रक्त लागते. नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत ती पट्टीच तिला जगविते.

गालाच्या कातडीने नाक घडविण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहेच. कपाळाच्या कातडीची ही पद्धत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती अभ्यासून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कर्करोगाने वा अपघाताने नाक गमावलेल्या रुग्णांवर आजही सुधारित स्वरूपात हीच पद्धत वापरली जाते.

त्या लेखात कावसजीचे नाव आहे; ज्याने नाक दिले, त्याचे नाही. विद्या त्याच्या हातात होती, लेखणी दुसऱ्याच्या. म्हणून माझी नम्र विनंती आहे, की आपल्या घरांतील व पेढ्यांवरील जाणत्यांचे कसब त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे.