परवाना, तपासणी आणि छातीवरचा बॅज



किरणोत्सर्गाच्या विषयावर बोलावयास एखादा प्राध्यापक न बोलावता युनियनचा माणूस बोलावला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण फार झालेले नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. पण कामगार ज्या वस्तूजवळ उभा राहतो ती वस्तू काय आहे, हे कळल्याशिवाय त्याची बाजू मांडता येत नाही. म्हणून हा अभ्यास मला करावा लागला.

किरणोत्सर्ग म्हटला की आपल्यापुढे तारापूरची अणुभट्टी उभी राहते. वास्तविक तो आपल्या गल्लीत आहे. हाड मोडल्यावर आपण ज्या दवाखान्यात जातो तेथे एक्स-रेचे यंत्र असते. कॅन्सरच्या रुग्णालयात कोबाल्टचे यंत्र असते. तेलाची किंवा वायूची नळवाहिनी टाकताना वेल्डिंगचा सांधा आतून पक्का आहे की नाही, हे पाहण्यासाठी इरिडियमचा कॅमेरा वापरतात. यांत एक भेद ध्यानात ठेवावा. एक्स-रेचे यंत्र बटण बंद केले की निमूट होते. कोबाल्टला आणि इरिडियमला बटण नाही. ते रात्रंदिवस किरणे सोडीत असतात, आपण त्यांना फक्त शिशासारख्या जड धातूच्या पेटीत कोंडून ठेवू शकतो.

म्हणून अशा वस्तू वापरणाऱ्यावर सरकारी देखरेख हवी. आपल्या देशात १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याची कचेरी आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. साधन वापरावयाचे तर आधी मंडळाची परवानगी. परवानगी देताना जागा कशी आहे, भिंतीची जाडी किती, शिकलेली माणसे आहेत काय आणि सुरक्षेची जबाबदारी घेणारा अधिकारी कोण, हे पाहिले जाते.

परवाना दिल्यावर तपासणी येते. निरीक्षक कधी कळवून येतो, कधी न कळवता. तो पाहतो काय? पहिले, वहीत लिहिलेले सोर्स खरोखर जागेवर आहेत काय. कामगार या किरणोत्सर्गी तुकड्याला सोर्सच म्हणतात. दुसरे, सर्व्हे मीटर चालू आहे काय आणि ते ठरल्या मुदतीत तपासून आणले आहे काय. तिसरे, दार उघडताच किरणे बंद होण्याची जी व्यवस्था असते, ती तो स्वतः चालवून पाहतो. चौथे, भिंतीबाहेर, जेथे रुग्णाचे नातेवाईक बसतात, तेथे मीटर धरून मोजतो. पाचवे, कामगारांच्या बॅजचे हिशेब. दोष सापडला तर लेखी जाब विचारला जातो. दोष मोठा असेल तर परवाना स्थगित होतो, यंत्राला सील लागते.

कागदावर ही रचना चांगली आहे. आता ती कोठे फसते ते पाहू.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगारबाजारात माणसे आजारी पडू लागली. कातडी काळी पडली, केस गळाले. शोध घेता कळले की दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील एक जुने कोबाल्टचे उपकरण फेब्रुवारीत लिलावाने भंगारात गेले होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. म्हणजे त्या पंचवीस वर्षांत तो सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर आला असणार. तेवढाही एका मजुराचा प्राण घेण्यास पुरेसा झाला. मंडळाने पुढे विद्यापीठाची परवानगी स्थगित केली. पण गेलेला माणूस परत आला नाही. वस्तू विद्वानांच्या ताब्यात होती आणि मेला तो हातोडा मारणारा. विसरलेल्या वस्तूची तपासणी कोण करणार?

दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, देशाच्या महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. वैद्यकीय एक्स-रेची ५७,४४३ केंद्रे देशात असता मंडळाकडे नोंद होती ५,२७० केंद्रांची. शंभरात एक्याण्णव केंद्रे नोंदीबाहेर! ज्याची नोंद नाही त्याची तपासणी कोठून होणार? त्यानंतर परवान्याचे काम संगणकावर आले, विभागीय कचेऱ्यांनाही काम वाटून दिले गेले. ही सुधारणा मी नाकारीत नाही. परंतु निरीक्षक कितीही वाढवले तरी एका जागी तो वर्षातून एखादा दिवस येणार. उरलेल्या दिवसांचे काय?

उरलेल्या दिवसांचा निरीक्षक म्हणजे कामगाराच्या छातीवरचा बॅज. हा बॅज ताईत नव्हे. तो किरणे अडवीत नाही, अंगावर किती पडली तेवढे सांगतो, आणि तेही प्रयोगशाळेत वाचल्यावर, बहुधा तिमाही उलटल्यानंतर. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातलेली आहे.

आता खरी अडचण सांगतो. एका बांधकामावर ठेकेदाराकडे कॅमेऱ्याचे काम करणारी पोरे मला भेटली. रात्रपाळी, भोवती दोरी बांधलेली, आणि बॅज मात्र कपड्यांच्या पिशवीत. मी विचारले, "बाबांनो, हा बॅज पिशवीत का?" त्यांतला एक म्हणाला, "साहेब, आकडा वाढला तर घरी बसवतात. घरी बसलो तर खायचे काय?"

बंधुभगिनींनो, या उत्तरापुढे सगळी तपासणी लंगडी पडते. निरीक्षक येतो, वही उघडतो, आकडे पाहतो. आकडे स्वच्छ! कारण बॅज पिशवीत होता. मुलगा मूर्ख नव्हता. सुरक्षा आणि भाकरी यांतले एक निवड, असे त्याला सांगितले गेले होते, आणि भुकेला माणूस भाकरीच निवडणार. जो नियम कामगाराच्या पोटावर पाय देतो, त्या नियमाला कामगार फसवतो, आणि मग फसगत त्याचीच होते.

ती किती भयंकर असू शकते याचे उदाहरण पेरू देशातले आहे. १९९९ साली यानांगो येथील जलविद्युत प्रकल्पावर कॅमेऱ्यातून निसटलेला इरिडियमचा सोर्स एका वेल्डरला सापडला. लहानसा धातूचा तुकडा, उपयोगी पडेल म्हणून त्याने पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि तसाच घरी गेला. काही तासांनी सोर्स परत मिळाला, पण त्याचा पाय कापावा लागला. काम संपल्यावर कॅमेऱ्याजवळ मीटर धरले असते तर सोर्स आत आलेला नाही हे तेथेच कळले असते. मीटर धरण्यास मिनिट लागते. त्या मिनिटाला निरीक्षक तेथे नसतो, कामगार असतो.

तेव्हा कामगाराला बाजूस सारून केलेली तपासणी अपुरीच राहणार. हा धडा मुंबईला नवा नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. गिरणीत काय चालते हे गिरणीत राबणाऱ्याने सांगावे, हीच त्यामागची दृष्टी होती. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली ती कोणा निरीक्षकाच्या शेऱ्याने नव्हे, या चळवळीने.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, आकडा वाढल्यामुळे ज्याला कॅमेऱ्यापासून दूर करावे लागेल त्याला दुसरे काम आणि तोच पगार मिळावा; म्हणजे बॅज पिशवीतून छातीवर येईल. दुसरी, कामगाराच्या बॅजच्या हिशेबाची प्रत त्याच्या हाती पडावी. २००४ च्या नियमांनी ही जबाबदारी मालकावर टाकली. पण ठेकेदार बदलत फिरणाऱ्या पोरांपैकी कितींनी तो कागद पाहिला आहे? मर्यादा माणसाच्या शरीराची आहे, ठेकेदाराच्या वहीची नव्हे. ठेकेदार बदलला म्हणून अंगात गेलेले किरण पुसले जात नाहीत. तिसरी, निरीक्षक आला म्हणजे त्याने मालकाच्या माणसांना बाहेर ठेवून कामगारांशी चार शब्द बोलावे.

आणि आपण नागरिकांनी? एक्स-रे काढावयास गेलात तर भिंतीवर परवाना आहे काय ते पाहा. दार नीट लावले जाते काय ते पाहा. बाई गरोदर असेल तर तसे आधी सांगा. यंत्र चालवणाऱ्या मुलाच्या छातीवर बॅज नसेल तर त्याला दरडावू नका. मालकाला विचारा, याचा बॅज कोठे आहे? आपल्या एका प्रश्नाने त्या मुलाला जे बोलता येत नाही ते बोलले जाईल.