घरच्या डीव्हीडीची नक्कल: चित्र आणि आवाज न बिघडवता

लोट्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमशेजारी पडून असलेल्या डीव्हीडींचा.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे लग्नाची, वास्तुशांतीची, शिमग्यातल्या पालखीची, नमनाची आणि जाखडीची डीव्हीडी हमखास निघायची. आता त्या लावायचा प्लेयर बहुतेक घरांत बंद पडलाय आणि नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाचच नसते. त्या चित्रांत दिसणारी किती माणसं आज घरात नाहीत. सासूबाईंनी म्हटलेलं लग्नातलं गाणं, आजोबांचा मृदुंग, हे दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून नक्कल करायला हवी. पण ती कशी करायची ते कळलं नाही, तर नक्कल होते आणि माल जातो.

आधी डिस्क पाहू. बाजारात मिळणाऱ्या सिनेमाची डीव्हीडी मागून रुपेरी असते, ती कारखान्यात छापलेली. घरच्या कार्यक्रमाची मागून जांभळट दिसते. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसरने त्यावर माहिती लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा या थराला सोसत नाही. कोकणातला पाऊस तुम्हाला आम्ही सांगायला नको. चार महिने भिंतींना ओल येते, तिथे डिस्कवरही बुरशीचे ठिपके येतात. डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा लेसरच्या वाटेवरच लांबवर पडतो आणि तो वाचणं मशीनला जड जातं. बुरशी असेल तर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला तेव्हा कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. अशी चिखलाची डिस्क कोणाकडे अजून असेल तर ती टाकू नका. पाण्यात धरून चिखल सुटू द्या, घासू नका. डिस्क नुसत्या पाण्याने लगेच मरत नाही.

आता मुख्य गोष्ट. दुकानात जाऊन आपण सांगतो, "दादा, एवढं पेनड्राइव्हमध्ये टाकून द्या." हे वाक्य अपुरं आहे. टाकण्याचे दोन प्रकार आहेत. पोत्यातले तांदूळ कणगीत ओतले तर तांदूळच राहतात, फक्त भांडं बदलतं. तेच तांदूळ दळले की पीठ होतं आणि पिठाचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. डीव्हीडीचंही असंच आहे. आतली माहिती जशीच्या तशी उतरवली तर चित्र आणि आवाज मूळ डिस्कइतकाच राहतो, कणभरही कमी नाही. पण दुकानदाराने ती एमपी-फोरमध्ये बदलून दिली, तर संगणक चित्र नव्याने दाबून भरतो आणि काहीतरी बाहेर टाकतो. टाकलेलं परत येत नाही.

आमच्या गटातल्या एकीला एका दुकानातून लग्नाची सव्वाचार जीबीची डिस्क सातशे एमबीची होऊन मिळाली. मोबाइलवर ठीक दिसली. मोठ्या टीव्हीवर लावली तर शालूची जर नुसती पिवळा डाग झाली होती आणि अक्षता टाकताना सगळं चित्र चौकोनी चौकोनी फुटत होतं. दुकानदाराचं म्हणणं, "जागा वाचवली." जागा हल्ली स्वस्त आहे. एका साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतं, म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर सहा डिस्क अख्ख्या बसतात. 500 जीबीच्या हार्डडिस्कवर तर शंभराच्या आसपास, म्हणजे अख्ख्या वाडीची लग्नं.

मग सांगायचं कसं? डीव्हीडी उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात 'व्हीओबी' नावाच्या फायली असतात, प्रत्येक जास्तीत जास्त एक जीबीची. दुकानात सांगा, "हे फोल्डर अख्खं उतरवा, काही बदलू नका," किंवा "डिस्कची आयएसओ काढा." आयएसओ म्हणजे सगळी डिस्क एका फायलीत. इथे एक अडचण येते. पुष्कळ पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. दुकानदार म्हणेल, "फाइल मोठी आहे, छोटी करावी लागेल." तेव्हा सांगा, "छोटी नको, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा." फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, म्हणून पेनड्राइव्ह रिकामा न्या. ज्यांच्या घरी मुलांचा संगणक आहे त्यांनी यूएसबीला लावायचा डीव्हीडी रायटर घेतला तर दुकानाचं काम नाही. गटाने मिळून एक घेतला तरी चालतो.

मोबाइलवर दाखवायला लहान फाइल लागतेच. ती जरूर करा, पण मूळ नक्कल सुरक्षित ठेवल्यावर आणि तिच्यावरून. हँडब्रेक नावाचा संगणकाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात गुणवत्तेचा आकडा 18 ते 20 ठेवा. आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं तर आणखी दाबलं जातं, तीच नक्कल समजून बसू नका. टीव्हीवर डिस्क लावून समोरून मोबाइलने चित्र घेणं तर नकोच.

चित्रात दोन खोडी नेहमी दिसतात. बाल्या नाचात पाय जोरात हलले की कडेला कंगव्याचे दात दिसतात. जुनी चित्रं एकाआड एक रेषांनी घेतलेली असतात म्हणून असं होतं. मोबाइलच्या नकलेत हे दात काढायला सांगा, मूळ फायलीला हात लावू नका. दुसरं, जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की नवरी आहे त्याहून जाड दिसते. तेव्हा प्रमाण 4:3 ठेवा, दोन बाजूंना काळे पट्टे आले तर येऊ द्या.

आणि 'एचडी करून देतो' म्हणणाऱ्यापासून जपा. आपल्या डीव्हीडीत चित्राचे 720 गुणिले 576 ठिपके असतात, त्याहून जास्त तिथे नाहीतच. मोठं केल्याने नवीन तपशील येत नाही. आता संगणक चेहरा 'साफ' करून देतात, म्हणजे अंदाजाने रंगवतात. आम्हाला तरी आईचा धूसर चेहरा चालेल, दुसऱ्याच बाईचा नितळ चेहरा नको.

आवाजाकडे कोणी बघत नाही, पण नमनाच्या डिस्कमध्ये निम्मी किंमत आवाजाची. आवाज फार दाबला की आधी झांज बिघडते, पाण्यातून वाजल्यासारखी फसफसते. आवाज डीव्हीडीत आहे तसाच ठेवायला सांगा. "जरा मोठा करा" असंही सांगू नका. ढोल जोरात वाजला की तो फाटतो. मोठा करायला टीव्हीचं बटण आहे.

आवाजाची किंमत काय असते, याचं एक उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांना सोबत घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि त्यातल्या काही हजार ओव्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. ते ध्वनिमुद्रण नीट जपलं म्हणून आज 'परी' या संकेतस्थळावर आपण तो आवाज ऐकू शकतो. ओवी कागदावरही राहिली असती, पण गळा राहिला नसता.

नक्कल झाली की दुकानातच तपासा. सुरुवात सगळेच बघतात. तुम्ही मध्ये आणि अगदी शेवटी लावून पाहा. डिस्कवर लिहायला आतून सुरुवात होते, म्हणून शेवटचा भाग बाहेरच्या कडेजवळ येतो आणि बोटं, ओरखडे, ओल तिथेच जास्त. ओठ आणि आवाज जुळतात का बघा. डिस्क अडकली तर लगेच नाद सोडू नका. एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसऱ्यात पुष्कळदा वाचली जाते.

नकला दोन करा. एक आपल्याकडे आणि एक मुंबईच्या चाकरमान्यांकडे, म्हणजे इकडे पूर आला तरी तिकडची राहील. गणपतीला ते आले की पेनड्राइव्ह द्या आणि मे महिन्यात परत मागवून चालतो का पाहा. मूळ डिस्कही टाकू नका. ती डबीत घालून उभी ठेवा आणि नाव टोकदार पेनाने न लिहिता डिस्कसाठीच्या मार्करने लिहा.

फायलीला 'न्यू फोल्डर दोन' असलं नाव नको. साल, गाव, कार्यक्रम असं लिहा. सोबत एक कागद करा. कोण नाचतंय, गाणं कोणी धरलंय, डोक्यावर पदर घेऊन मागे बसलेली ती कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा आणि लिहून घ्या. याला एखादी दुपार जाते.